चाकाची साल

गाडीच्या मॅगव्हीलचा रंग घरी उतरवायला बसणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. वर रंग आहे, खाली ॲल्युमिनियम आहे. रंग गेला की ॲल्युमिनियम उघडं पडेल, उघडं पडलं की घासता येईल, घासलं की चमकेल. या हिशेबात एकच गफलत आहे. ॲल्युमिनियम उघडं पडतच नाही. कानशीचा एक हात मारून बघा. चकचकीत ओरखडा उठेल, पण तो डोळ्यांत भरेपर्यंत त्यावर नवी साल धरलेली असते. रंग काढण्यापासून पॉलिशपर्यंत जे जे करायचं आणि जे जे टाळायचं, ते सगळं या न दिसणाऱ्या सालीशी बांधलेलं आहे. ती एकदा नीट समजली की बाकीची कृती पाठ करावी लागत नाही.

ही साल म्हणजे ॲल्युमिनियम आणि हवेतला ऑक्सिजन यांचा संयोग, ॲल्युमिना. जाडी दोन ते चार नॅनोमीटर. केसाच्या जाडीचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. हाच ॲल्युमिना जमिनीच्या पोटात स्फटिक होऊन बसला की त्याला कुरुंद म्हणतात, आणि त्यात क्रोमियमचा अंश उतरला की माणिक. आमच्या गडचिरोलीच्या शेजारच्या भंडारा जिल्ह्यात कायनाइटच्या पट्ट्यात कुरुंद सापडतो. म्हणजे धातू इतका मऊ की चाकूने ओरखडावा, आणि त्याची साल हिऱ्याच्या खालोखाल कठीण असलेल्या पदार्थाच्या कुळातली. धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो, सालीला दोन हजारांच्या वर तापवावं लागतं.

लोखंडही ऑक्सिजन घेतंच. पण लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. जागा नाही म्हणून फुगतो, पापुद्रे धरतो, गळून पडतो, आणि खालचं लोखंड पुन्हा हवेच्या तोंडी येतं. ॲल्युमिनियमच्या सालीला मूळ धातूच्या १.२८ पट जागा पुरते. ती दाटून बसते, सुटत नाही, आणि खालच्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. म्हणून जीपच्या लोखंडी डिस्कचा रंग उडाला तर तो पावसाळ्याआधी मारून घ्यावा हे खरं. मॅगव्हीलला मात्र टिकून राहण्यासाठी रंगाची तशी गरज नाही. त्याचा रंग त्याने जन्मतःच पांघरलेला आहे.

मग कारखान्यात रंग मारतात तरी कशाला? त्याचं कारण या सालीच्या दोन दुबळ्या जागा. एक, ती आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. साधारण पीएच ४ ते ८.५ एवढ्याच पट्ट्यात ती सुखी असते. दोन, मिठातलं क्लोराइड तिला टोचे मारून भोकं पाडतं. त्यात चाक ही वस्तू चिखल, शेण, मीठ, डिटर्जंट आणि ब्रेकमधून उडणारा लोखंडाचा तापलेला भुगा या सगळ्यांच्या मध्ये फिरणारी. पुण्याजवळ शिक्रापूरला अशी चाकं ओतली जातात. ओतीव चाकाचा नेहमीचा मिश्रधातू म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम. रंग देण्याआधी चाक धुऊन त्याची नैसर्गिक साल रसायनाने उतरवतात आणि तिच्या जागी दुसरी, रंगाला धरून ठेवणारी साल चढवतात. त्यावर पावडरचा प्रायमर, मग रंग, मग पारदर्शक लॅकर. थोडक्यात, एका सालीवर भरवसा नाही म्हणून वर आणखी तीन-चार.

आमच्या गडचिरोलीत या कारखानदारी सालींची परीक्षा वर्षातून दोनदा होते. उन्हाळ्यात गिट्टी उडते. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज उतरायला लागल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या बाजूला रस्त्यावर टिप्परची रांग आणि झाडांवर लाल धूळ हे रोजचं झालं. टिप्परच्या मागच्या चाकाखालून सुटलेला खडा मॅगव्हीलच्या कडेला लागला की लॅकरवर तांदळाच्या कणीएवढी खोच पडते. तेव्हा काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, जंगलातून जाणाऱ्या रस्त्यांवर ओल कित्येक दिवस सुकत नाही, आणि त्या खोचेतून पाणी लॅकरच्या खाली शिरतं. दिवाळीपर्यंत तिथे पांढरे, केसासारखे वळवळीत धागे दिसू लागतात. लॅकर शाबूत, आणि त्याच्या खाली धागा पुढे पुढे सरकतो आहे. वाळवी लाकडात शिरते तसं. वरून कितीही धुतलं तरी हे जात नाही, कारण बिघाड लॅकरच्या आत आहे. अशा चाकाचा रंग काढायला हरकत नाही. ज्याच्यावर नुसती धूळ बसली आहे त्याच्या वाटेला जाऊ नये.

टायर उतरवून घ्यावा हे उत्तम. पंक्चरवाल्याकडे मशीन असतं, दहा मिनिटांचं काम. टायरसकट रंग काढायला बसलं तर रसायन रबराला लागतं आणि रिमच्या कडेचा रंग अर्धवट राहतो, तो पुढे तिथूनच सोलायला लागतो.

आता रसायन. रंगाच्या दुकानात ‘पेंट रिमूव्हर’ म्हणून जो घट्ट जेल मिळतो त्यात पुष्कळदा मिथिलीन क्लोराइड असतं. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचावीत. हे द्रव्य कामाला जबरदस्त आहे, आणि त्याचं कारणही सालीच्या गोष्टीतच सापडतं. त्याचे रेणू लहान. ते रंगात शिरतात, रंग फुगवतात, आणि फुगलेला रंग धातूवरची पकड सोडतो. धातूच्या सालीला ते हातही लावत नाही. म्हणून ॲल्युमिनियमसाठी ते सुरक्षित. माणसासाठी मात्र नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात बंद न्हाणीघरात बाथटबचा रंग काढताना किमान १३ कामगार याने दगावले. २०१९ मध्ये तिथे हे रिमूव्हर घरगुती गिऱ्हाइकाला विकायला बंदी आली. साधे रबरी किंवा नायट्राइलचे हातमोजे हे द्रव्य काही मिनिटांत पार करतं. तेव्हा बेंझिल अल्कोहोलवर चालणारा, संथ काम करणारा रिमूव्हर मिळाला तर तो घ्यावा. एखादा दिवस जास्त गेला तर चाक कुठे पळून जात नाही.

मिथिलीन क्लोराइडच वापरायचं ठरलं तर चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, जी डब्यावर लिहिलेली नसते. हे द्रव्य ४० अंशाला उकळतं. चंद्रपूरचा मे महिना पंचेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी अंगणात जेल फासला तर तो रंगात शिरण्याआधी उडून जाणार आणि सगळा तुमच्या नाकात जाणार. हे काम हिवाळ्यातल्या सकाळचं, उघड्या अंगणातलं, वारा पाठीशी घेऊन करायचं.

जेल ब्रशने जाड थरात, एकाच दिशेने लावायचा. पुन्हापुन्हा ब्रश फिरवला की वरची साय मोडते आणि वाफ निसटते. वर पॉलिथिनचा कागद घालायचा. थोड्या वेळाने लॅकर आधी धुरकट होतं, मग सुरकुततं, मग एकाएकी त्याला पोट येतं आणि ते धातूपासून सुटून उभं राहतं. पावडरचा थर मात्र हट्टी. तो सुरकुतत नाही, चामड्यासारखा मऊ होतो आणि पट्ट्यांनी निघतो. त्याला दोनतीन वेळा जेल लागतो. खरवडायला लोखंडी पत्रा किंवा तारेचा ब्रश घेऊ नये. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात, पुढे गंजतात, आणि ओल आली की त्यांच्याभोवती ॲल्युमिनियम झिजायला लागतं. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. धार काढलेली बांबूची खपची आऱ्यांच्या सांदीत जाते, रंग उचलते आणि ओरखडा उठवत नाही. निघालेला गाळ कागदावर गोळा करून वाळवावा, नाल्यात ओतू नये.

या टप्प्यावर कुणीतरी हमखास सांगतं, एवढी कटकट कशाला, कॉस्टिक टाका. नाली साफ करायचा कॉस्टिक सोडा स्वस्त आहे आणि रंग झटक्यात उतरवतो, हे खोटं नाही. पण तो रंगापाशी थांबत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातला बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातो तेव्हा त्यातला ॲल्युमिना वेगळा काढायला तो गरम कॉस्टिकमध्येच विरघळवतात. लाल मातीतून ॲल्युमिना बाहेर ओढणारं जे द्रव्य, ते चाकावरच्या चार नॅनोमीटरच्या सालीला काय जुमानणार? साल विरघळते, धातू नवी धरतो, तीही विरघळते, आणि हे चक्र थांबायचं नाव घेत नाही. हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, चाक तापतं, आणि शेवटी ॲल्युमिनियम गेलेल्या जागी सिलिकॉनची काळी काजळी उरते. ती घासून काढताना कळतं की पृष्ठभाग खडबडीत झालाय आणि चाकाची जाडी थोडी का होईना कमी झालीय.

ज्या घरात चूल आहे तिथे ही गोष्ट नवी नाही. पितळेचं भांडं राखेने लखलखतं, म्हणून जर्मनचं पातेलंही राखेने घासलं जातं आणि हळूहळू मंद, करडं पडतं. राखेत अल्कली असते, ती पितळेला फारसं काही करत नाही, ॲल्युमिनियमची साल मात्र खाते. त्याच पातेल्यात चिंच घालून आंबट वरण शिजवलं की ते आतून उजळ निघतं, कारण आम्लाने काळवंडलेली साल सोडवून नेली. बायकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चाकावर ॲसिडचा क्लीनर फवारणाऱ्याला आपण काही नवं करतो आहोत असं वाटत असलं तरी तो चिंचेचंच काम करतो आहे, फक्त बेताल. त्यातल्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. त्याचा थेंब कातडीवर पडला तर सुरुवातीला दुखतही नाही, आणि तो हाडापर्यंत पोचतो. ते घरात आणूच नये.

जाळून रंग काढणं हा तिसरा रस्ता, आणि त्याला माझा साफ नकार आहे. ओतल्यानंतर चाकाला उष्णतेचे संस्कार देऊन ताकद आणलेली असते. शेवटचा संस्कार दीडशे अंशाच्या आसपासचा. ब्लो लॅम्प किंवा चुलीच्या जाळाने ती ताकद उतरते, वरून काही दिसत नाही, आणि कळतं ते खड्ड्यात. वाळूच्या फवाऱ्याबद्दल एवढंच, की वाळूच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग होतो.

रंग निघाला. खाली जे दिसतं ते पाहून बहुतेकांचा हिरमोड होतो. मळकट, पांढुरकं, ठिपक्याठिपक्यांचं. इथून वॉटर पेपरचं काम. ओतीव भाग खडबडीत असेल तर १२० किंवा १८० पासून, नाहीतर ३२० पासून. मग ४००, ६००, ८००, १०००, १५००, २०००. पाण्यात साबणाचा थेंब. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेने फिरवायचा, आणि आधीचा एकही ओरखडा दिसेनासा झाल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. मधला एखादा नंबर गाळून वेळ वाचवणारा माणूस शेवटी तिप्पट वेळ घालवतो, कारण ४०० चा ओरखडा २००० ने जात नाही, उलट चकाकीत उठून दिसतो. सांदीकोपऱ्यात बोटच लागतं. एका चाकाला सुट्टीचा अख्खा दिवस सहज जातो.

चमक म्हणजे काय, हे इथे पाहण्यासारखं आहे. आपण चाकाला काहीही लावत नाही. फक्त ओरखडे बारीक करत नेतो. दिसणाऱ्या प्रकाशाची लहर ४०० ते ७०० नॅनोमीटरची. ओरखडा तिच्याहून बराच बारीक झाला की प्रकाशाला तो जाणवत नाही आणि किरण सरळ परततात. चार नॅनोमीटरची साल तर त्याच्या खिजगणतीतही नाही. म्हणून ती असते आणि दिसत नाही. आरसा दिसतो तो सालीतून.

आणि यात आपल्या जिल्ह्यापुरती एक गंमत आहे. शेवटच्या बफिंगला वापरतात त्या लाल साबणात, सोनार ज्याला रूज म्हणतात त्यात, असतं आयर्न ऑक्साइड. सुरजागडचं हेमेटाइट तेच. रस्त्यावरून उडून चाकावर बसणारी लाल धूळ आणि चाकाला आरसा करणारी लाल पावडर रसायनाने एक. फरक फक्त कणाच्या आकाराचा आणि धुळीत मिसळलेल्या गारगोटीच्या भुग्याचा. ही धूळ सालीला रसायन म्हणून काही करत नाही, तिची ऑक्सिजनची भूक आधीच भागलेली असते. पण कोरड्या फडक्याने पुसली तर ती ८०० च्या पेपरसारखं काम करते. म्हणून आधी पाणी सोडायचं, मग फडकं.

गॅरेजवाला म्हणतो, “बफ मारला का आरशासारखा चमकते, भाऊ.” चमकतंच. कापडी बफ ड्रिल मशीनला लावावा. ग्राइंडरचे दहा-अकरा हजार फेरे मोठ्या बफसाठी फार होतात, धातू तापून फासला जातो. शेवटचा हात मेटल पॉलिश आणि सुती चिंधीचा. पॉलिशचा वाटाण्याएवढा ठिपका घ्या आणि चिंधी गोल फिरवा. दोनचार फेऱ्यांत चिंधी काळी होते, अगदी काजळासारखी. वाटतं, किती मळ होता! दुसरी स्वच्छ चिंधी घ्या, नवा ठिपका, तीच जागा. पुन्हा काळी. तिसरी घ्या. चाक आता आरसा झालेलं असतं, त्यात आपलं नाक दिसत असतं, आणि चिंधी तरीही काळीच निघते. हा मळ नाही. पॉलिशमधल्या कणांनी साल खरवडली आणि तिच्याबरोबर धातूचा अतिसूक्ष्म भुगा आला. इतका बारीक झाला की तो चांदीसारखा न दिसता काळा दिसतो. खरवडलेल्या जागी साल पुन्हा धरली, पुढच्या फेरीने ती पुन्हा उतरवली. चिंधी स्वच्छ निघण्याची वाट पाहणारा माणूस संध्याकाळपर्यंत घासत बसेल. थांबायचं ते चाकाकडे बघून, चिंधीकडे बघून नाही.

या काळ्या भुग्याची एक काळजी घ्यायची. ॲल्युमिनियमची ऑक्सिजनची ओढ इतकी जबर, की तापवलं तर ते लोखंडाच्या गंजातूनही ऑक्सिजन हिसकावतं. रेल्वेचे रूळ जागच्या जागी जोडतात ते याच जोरावर: ॲल्युमिनियमची पूड आणि आयर्न ऑक्साइड मुशीत घालून पेटवतात, आणि वितळलेलं पोलाद रुळांच्या फटीत उतरतं. बल्लारशाहहून जाणाऱ्या गाड्या असल्या जोडांवरूनच धावतात. तेव्हा ज्या ग्राइंडरवर काल गंजलेलं लोखंड घासलं, त्याच्याच खाली ॲल्युमिनियमचा सुका भुगा साचू देऊन वर ठिणग्या उडवू नयेत. ओल्या पेपरने काम केलं की हा प्रश्न बराचसा मिटतो.

चाक चमकलं. आता त्यावर काय? पुष्कळजण घाईने लॅकरचा स्प्रे मारतात. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला लॅकर नीट धरत नाही, कारखान्यात जी पकड देणारी साल चढवली होती ती आपण काढून टाकलेली असते, आणि पहिल्याच खोचेतून ते पांढरे धागे परत येतात. विजेच्या जोरावर साल जाड करायची एक रीत आहे, ॲनोडायझिंग. कढईवर, खिडकीच्या चौकटीवर ती छान बसते. पण ओतीव चाकातल्या सिलिकॉनमुळे करडी, डागाळ होते आणि आरसा जातो. माझं मत विचाराल तर वर काहीच मारू नये. मेण चोळावं, साध्या सौम्य साबणाने धुवावं, कपड्याचा सोडा आणि भांड्याची पावडर दूर ठेवावी, आणि मंद पडलं की पुन्हा पॉलिशचा हात मारावा. पावसाळ्यात हे वरचेवर करावं लागेल. ज्याला ते जमणार नाही त्याने चाक चमकवण्याच्या भानगडीत न पडता ४०० च्या पेपरवर थांबावं आणि चांगल्या पेंटरकडून प्रायमरसकट रंग मारून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही. रोज धानोरा-भामरागडकडे जाणाऱ्या गाडीला तेच शहाणपणाचं.

चाकाच्या आतल्या बाजूला, जिथे ब्रेकचा भुगा साचतो आणि कुणी बघायला जात नाही, तिथला कारखान्याचा रंग शाबूत असेल तर तसाच ठेवावा. टायर जिथे रिमवर बसतो ती पट्टी, हबला टेकणारी मागची बाजू आणि नटांच्या शंकूसारख्या बैठका यांवर पेपर फिरवू नये. तिथली मापं हवा आणि पकड धरून ठेवण्यासाठी आहेत. टायर चढवल्यावर बॅलन्सिंग नव्याने करावं, कारण जुनी शिशाची वजनं आपण काढलेली असतात. नट आडव्यातिडव्या क्रमाने आवळावेत, आणि पन्नासएक किलोमीटर गाडी चालली की पाना लावून पुन्हा एकदा तपासावेत.